आईचे शुक्रवार

आमची आई जाड होती. एवढं साधं वाक्य आमच्या नात्यात किंवा कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कधी उच्चारलं नाही. 'अंगानं भरलेली', 'खात्यापित्या घरची', 'तब्येतीनं बरी' असल्या शब्दांनी लोक वेळ मारून न्यायचे. मी सरळ बोलणारी बाई आहे, आणि आता या वयात आडपडदा ठेवून मिळवायचं काय? आई जाड होती आणि सुंदर होती. हसली की गालांसकट, हनुवटीसकट, खांद्यांसकट हसायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. बाजारातून येताना आई पहिल्या मजल्यावर थांबून कुणाच्या सुनेची चौकशी करी, दुसऱ्यावर कुणाच्या लोणच्याची, आणि घरात शिरेपर्यंत तिच्याकडे अख्ख्या जिन्याच्या बातम्या जमलेल्या असत. लोक म्हणत, सुमनताईंना माणसांची भारी हौस. हौस तर होतीच, पण खरं कारण असं की तिच्याच्यानं एका दमात दोन मजले चढवत नसत. दम लागलेला कुणाला दिसू नये म्हणून ती गप्पा मारायची. मला हे कळायला कॉलेजात जावं लागलं.

घर खाणाऱ्यांचं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि कारखान्यात दिवसभर कुणावर ओरडत असतील ते असोत, घरी आले की एकच प्रश्न विचारायचे, "आज काय केलंय?" आज वालाचं बिरडं असे, उद्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट, रविवारी ओले बोंबील. बोंबील तव्यावर पडल्याचा चर्र आवाज आला की मी पुस्तक मिटायची, कारण पुढे अभ्यास होणं शक्यच नसायचं. आपल्या भाषेत 'वाढणं' या शब्दाला दोन अर्थ आहेत हा शोध मला चौथी-पाचवीत लागला होता. "आई वाढतेय, आई वाढतेय" असं ओरडत मी ताट घेऊन बसायची, आणि आई उलथनं उगारायची, तेही हसू दाबत. ती स्वतः मात्र ओट्याशी उभ्यानं जेवायची. आम्ही दोघं खाली चटईवर, आई उभी. बाबांनी पुढे टेबल-खुर्च्या आणल्या तेव्हा कुठे आम्ही तिघं एकत्र जेवू लागलो. माझ्या जन्मानंतर आईला खाली मांडी घालून बसता येईनासं झालं होतं. बसली तरी उठताना दोन माणसं लागत. घरात हे आम्हाला माहीत होतं, पण त्यावर बोलायचं नाही हेही माहीत होतं. बाहेर तर कुणाला पत्ताच नव्हता, कारण बाहेर आईचे उपास होते.

उपासांचं असं झालं. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, विठ्ठलवाडीला चाळीत राहायची. बाबांना तिनंच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे तिचा शब्द आमच्याकडे कोर्टाच्या वरचा. आत्याच्या घरी श्रावणातल्या एका शुक्रवारी सवाष्णी जेवायला असायच्या, पुरणावरणाचा घाट असायचा, आणि भावाची बायको म्हणून पहिला मान आईचा. पाट मांडायचे, पुढे केळीचं पान, भोवती रांगोळी. आता त्या पाटावर आई बसणार कशी आणि बसली तर उठणार कशी? पहिल्या वर्षी आई फोनवर बोलून गेली, "वन्सं, मी संतोषीमातेचे शुक्रवार धरलेत." आत्या म्हणाली, चांगलंय, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षीही शुक्रवारच होता. शुक्रवार काय, दर आठवड्याला येतो. आत्या म्हणाली, "मग मी आंबट काही घालत नाही, तू ये." आई म्हणाली, माझे कडक आहेत. मग नवरात्रात बोलावलं तर आईचे नऊ दिवसांचे उपास. असं करत करत आईनं इतके उपास जमवले की सबंध पंचांग तिच्या नावावर लागलं. आणि खोट्याचं कसं असतं, ते सांभाळावं लागतं. शुक्रवारी स्टेशनाजवळ पाणीपुरी खाताना ती मला पहाऱ्यावर उभी करायची. बिल्डिंगमधल्या बायका मागे म्हणायच्या, एवढे उपास करून ही बाई एवढी कशी? मला तेव्हा त्याचं हसू यायचं, आईला नाही.

आत्याला तर मुळीच नाही. तिनं सरळ अर्थ लावला की फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वहिनीला चाळीतलं अन्न चालत नाही. एका भाऊबीजेला ती बाबांना ओवाळायला आली, ओवाळलं, आणि पाण्याचा पेलासुद्धा न घेता उठली. "तुझ्या बायकोला माझ्या घरी पान मांडलेलं चालत नाही, तर मला तुझ्या घरचं पाणी कशाला? यापुढे मी बोलावणार नाही." आत्या जिना उतरून गेली. आई म्हणाली, "मी खरं सांगून टाकू का?" बाबा म्हणाले, "सांग की." पण आईनं सांगितलं नाही. जाड आहे हे सगळ्या जगाला दिसतं, ते लपवायचा प्रश्न नाही. पण खाली बसता येत नाही, लहान मुलासारखं धरून उठवावं लागतं, हे स्वतःच्या तोंडानं सांगणं तिला जमेना. तेव्हापासून बाबा भाऊबीजेला एकटे विठ्ठलवाडीला जाऊन यायचे आणि आल्यावर जेवायचे नाहीत. जेवणारा माणूस जेवत नाही म्हणजे घरात काय होतं, ते ज्याच्या घरी झालं त्यालाच माहीत.

आईचे कपडे मिळायचे उल्हासनगरला, दोन नंबर कॅम्पात. तिथे लाजवंती आंटी म्हणून एका सिंधी बाईंचं छोटं दुकान होतं आणि मोठ्या मापाचे गाऊन हीच त्यांची खासियत. आंटी स्वतःच त्या मापाच्या, त्यामुळे आईला तिथे लाजायचं कारण नव्हतं. एकदा दिवाळीच्या आधी आम्ही गेलो तर गल्ल्यावर कुणी वेगळीच बाई. आईनं विचारलं, "आंटी नहीं है क्या?" ती बाई खो खो हसायला लागली. "अदी, मैं ही तो हूँ. लाजवंती." अदी म्हणजे सिंधीत ताई. आईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आंटीनं चहा मागवला आणि गिऱ्हाइकं तशीच ठेवून सगळं सांगितलं. ऑपरेशन करून पोट लहान केलं, दुर्बिणीनं, पोटावर नुसत्या चारदोन भोकांच्या खुणा. "पहले पहले बहुत रोयी. खाना सामने, और अंदर जाये ही नहीं. लेकिन अब देख." आई नुसती ऐकत होती. वजन किती उतरलं, साखर किती कमी झाली, गुडघे कसे सुटले, कशानंही तिचा चेहरा बदलला नाही. मग आंटी सहज म्हणाली, "और अदी, अब मैं नीचे बैठ के पूजा करती हूँ. आलथी-पालथी मार के." आईनं चहाचा कप खाली ठेवला. "उठते कैसे हो?" तिनं विचारलं. आंटी म्हणाली, "जैसे सब उठते हैं." त्या दिवशी आम्ही गाऊन न घेताच परत आलो.

बाबा घाबरले. चालायला जा, भात सोड, साखर सोड, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं आणि आईनं वर्षानुवर्षं केलंही होतं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण जाड माणसानं काहीच केलं नाही असं बारीक माणसांना फार वाटतं. ती पहाटे चालायची, दुधी भोपळ्याचा रस प्यायची, आणि उतरलेलं वजन दुप्पट होऊन परत यायचं. "चांगल्या पोटाला सुरी लावायची?" बाबा म्हणाले. आई म्हणाली, "चांगलं कुठेय ते?" कल्याणच्या एका डॉक्टरांकडे खेटे झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी धोके समजावून सांगितले तेव्हा बाबांच्या कपाळाला घाम आला. आई म्हणाली, "अहो, मला वन्संच्या घरी पाटावर बसून जेवायचंय. तेवढं झालं की मग काय व्हायचं ते होऊ दे." डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी तिथेच रडले. लोकांना सांगायचं ठरलं ते हर्नियाचं ऑपरेशन म्हणून. एक खोटं झाकायला दुसरं, पण आईपुढे बोलणार कोण.

ऑपरेशन नीट पार पडलं आणि आई घरी आली, ती औषधाच्या टोपणानं पाणी प्यायला लागली. खरंच, टोपणानं. एक टोपण, मग थांबायचं, मग दुसरं. पुढे गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, पेज. इकडे शेजारणींना वाटलं, हर्नियाचं ऑपरेशन, अशक्तपणा असणार, म्हणून डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, गावठी कोंबडीचा रस्सा यांची रीघ लागली. परत पाठवलं तर बिंग फुटणार. मग ते कुणी खायचं? मी आणि बाबांनी. आई झरझर उतरत गेली आणि आम्ही दोघं फुगत गेलो. घरातलं एकूण वजन तेवढंच राहिलं, नुसतं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. आईच म्हणायची हे, आणि टाके दुखतात म्हणून पोट धरून हसायची. पण एक रविवार हसण्याचा नव्हता. बाबांना वाटलं, घर पूर्ववत व्हावं, म्हणून त्यांनी बोंबील आणले आणि मी तळायला घेतले. पहिला बोंबील तव्यावर पडला आणि आई आतल्या खोलीत हमसून हमसून रडायला लागली. मी गॅस बंद करून धावले. ती म्हणाली, "वास येतो गं. मला दुसरं काही नको, पण वास येतो." त्या दिवशी तिला वाटलं आपण फार मोठी चूक केली. मलाही तसंच वाटलं. बाबांनी बोंबील तसेच झाकून खालच्या मजल्यावर देऊन टाकले.

आणि मग मामा आला. मामा आईचा थोरला भाऊ, एका धरणाजवळच्या गावात शेती करणारा, बोलायला मोकळाढाकळा. त्याला खरं काय ते बाबांनी सांगून टाकलं होतं, कारण मामापाशी खोटं बोलायचं तर तो समोरून जाईपर्यंत मान हलवतो आणि खोटं पकडलं म्हणून नंतर अख्ख्या गावाला सांगतो. तो आला त्या आठवड्यात डॉक्टरांनी मऊ भात चालेल म्हणून सांगितलं होतं. मामानं घरच्या नव्या तांदळाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "म्हंजे दूध, मंग पेज, मंग आता पयला भात. असाच ना?" मी म्हटलं, हो. "अगो, मंग उष्टावणच की हा." आम्हाला वाटलं गंमत करतोय. पण त्यानं माझ्याकडून भात गिळगिळीत शिजवून घेतला, त्यात दूध घातलं, चांदीची वाटी काढायला लावली. ती माझ्याच उष्टावणाची वाटी. आईच्या अंगठीनं भात भरवायचा म्हणून अंगठी मागितली, तर ती आईच्या बोटातून नुसती हलवल्यावर गळून पडली. आई खुर्चीत, मामा पुढे, बाबा मोबाईलवर फोटो काढतायत. आई म्हणत होती, "दादा, चावटपणा पुरे," आणि तोंड मात्र उघडत होती. मामानं अंगठीला लावून एक शीत भरवलं. "चाव," तो म्हणाला. "नीट चाव. घाई करू नको, कुनी काढून घेत न्हाय." आईनं ते एक शीत इतका वेळ चावलं की आम्हाला सगळ्यांना हसू आवरेना. गिळलं, छातीवर हात ठेवून वाट पाहिली, आणि म्हणाली, "गेलं." एवढा आनंद आमच्या घरात माझ्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. त्यानंतर ती बोंबलाच्या वासाला रडली नाही. मोकळी झाली, आणि पुढे महिन्या दोन महिन्यांत काट्यांशिवायचा बोटभर तुकडा ती स्वतःही खायला लागली.

पुढचं वर्ष मजेत गेलं. केस गळले, तेवढ्यापुरती तिनं कुरकुर केली. बाकी सगळं नवलाईचं. ब्लाऊज उसवून शिवून थकलो तेव्हा दोन नंबर कॅम्पात जाऊन नवीन घेतले, पण लाजवंती आंटीच्या दुकानातून नाही, समोरच्या. आंटीनं त्यावरून फुकटचं भांडणही केलं. जिना आई न थांबता चढू लागली, तशी पहिल्या मजल्यावरची बाई रुसली, की सुमनताई हल्ली बोलत नाहीत. आणि एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आई स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून वाल सोलत बसलेली. मी दारातच उभी राहिले. मला वाटलं पडली की काय. ती म्हणाली, "थांब, मदतीला येऊ नको." गुडघ्यावर हात ठेवून उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. वाल सगळे विखुरले. मग कमरेवर हात ठेवून, धापा न टाकता, मला म्हणाली, "वन्संना फोन लाव. श्रावणात शुक्रवारी येते म्हणावं. बोलावलं नाही तरी येते."

आत्यानं फोनवर फक्त "बरं" म्हटलं. आणि त्या शुक्रवारी आईला दारात पाहिल्यावर तिच्या हातातलं ताम्हण कललं. त्या भाऊबीजेनंतर तिनं आईला पाहिलंच नव्हतं. "बाळ्या," तिनं बाबांना विचारलं, "हिला खायला घालतोस की नाही?" आई नुसती हसली. शेजारच्या दोघी सवाष्णी आधीच पाटावर बसल्या होत्या. तिसरा पाट रिकामा. बाबांनी माझा दंड धरला. आईनं पदर खोचला आणि बसली. सरळ, मांडी घालून, कशालाही न धरता. आत्यानं पाय धुतले, कुंकू लावलं, ओटी भरली. आई इतकी खुशीत होती की कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, हिचं आज लग्न आहे.

आता गोची अशी झाली की इतक्या वर्षांनी बसता आलं, आणि जेवता येईना. पानात पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडई, वरणभात, भाज्या. आईनं पोळीचे दोन घास खाल्ले, चमचाभर भात खाल्ला आणि थांबली. आत्या तुपाची वाटी घेऊन समोर उभी. "घे गं. पोळीवर तूप घे." "बास, वन्सं." "बास काय? सुरू कुठं झालंय अजून?" आत्यानं दुसरी पोळी वाढली. शेजारणी टकामका बघायला लागल्या. सवाष्णीनं पान टाकून उठायचं नसतं हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. आत्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे इतक्या वर्षांनी आलीस," ती म्हणाली, "ती माझं अन्न चिवडायला?"

आईनं दोन्ही हात पानावर आडवे धरले. "वन्सं, ऐका. मला हर्निया नव्हता. मी पोट लहान करायचं ऑपरेशन केलंय. माझ्यात आता एवढंच जातं." आत्यानं विचारलं, "आणि संतोषीमातेचे शुक्रवार?" "एकही केला नाही," आई म्हणाली. "मला खाली बसता येत नव्हतं. बसले असते तर तुम्हाला मला बगलेत धरून उठवावं लागलं असतं, चार बायकांदेखत. मला लाज वाटायची, म्हणून देवीचं नाव घेऊन खोटं बोलले. तुमच्या घरचं अन्न मला कधी नको नव्हतं. तुमच्या घरी बसून जेवता यावं म्हणून पोट कापून घेतलं, आणि आता जेवताच येत नाहीये." शेवटचं वाक्य बोलताना तिचं तिलाच हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही.

"खुर्ची मागायचीस," आत्या म्हणाली. "शेजारून आणली असती." आईनं विचारलं, "खुर्चीवर सवाष्ण बसवली असतीत?" आत्या खोटं बोलणारी बाई नव्हती. तिनं जरा विचार केला. "तेव्हा नसती बसवली," ती म्हणाली.

मग तिनं तुपाची वाटी बाजूला ठेवली आणि भिंतीला धरून, कण्हत, आईच्या पानासमोर फरशीवर बसली. आईच्या पानातली पोळी तिनं मोडली, तुपात बुडवली आणि तोंडात घातली. "वन्सं, अहो, उष्टं आहे," आई घाईनं म्हणाली. "आज तू देवी आहेस ना? मग हा प्रसाद," आत्या म्हणाली, भरल्या तोंडानं. थोरल्या नणंदेनं धाकट्या भावजयीचं उष्टं खाल्लेलं आमच्या नात्यात कुणी ऐकलं नव्हतं. बाबा दाराशी तोंड फिरवून उभे होते. आत्यानं दोन्ही पोळ्या संपवल्या, भात संपवला, कुरडई कुडुमकुडुम खाल्ली, आणि मधेमधे आईला शिव्या दिल्या. मूर्ख म्हणाली, खोटारडी म्हणाली, पंचांगाची वाट लावली म्हणाली. आई प्रत्येक शिवीला "हो, वन्सं" म्हणत होती. पान चाटूनपुसून साफ झालं.

आई उठली. हात न टेकता. आत्याही उठायला गेली आणि तिचं उठणं निम्म्यावरच अडलं. तिच्याही गुडघ्यांनी साथ सोडली होती. ही गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. तिनंही कुणाला सांगितली नव्हती. ती फरशीवर तशीच, तूप लागलेले हात वर धरून, इकडेतिकडे धरायला काही मिळतंय का बघत होती. शेजारणी पुढे सरकल्या तसं आईनं त्यांना मागे केलं आणि वाकून आपला हात पुढे केला.

"द्या हात, वन्सं."

आत्यानं तिच्याकडे खालून पाहिलं. "पेलशील का गं? अंगात काही उरलंय का तुझ्या?"

आईनं तिला एका झटक्यात उभी केली.